नंदीला पट्टा, नातवाला मांडी

...तर पट्टा नंदीला लावला हो, नातवाला नाही. तुम्हाला खोटं वाटेल. मला तर समोर उभं राहून बघतानाही खोटंच वाटत होतं. लाकडाचा बैल, अस्सल सागवानी, ज्याचं ना नाक फुटणार ना दात पडणार, त्याला कुठं बसवलं असेल? मी पियुषसाठी, माझ्या भाच्यासाठी, आणलेल्या गाडीतल्या खास खुर्चीत. खांद्यांवरून दोन पट्टे, पोटाखालून एक, मधे खटका. वर आजीनं शिंगाखाली पंच्याची घडी दिली, घासायला नको म्हणून. आणि अडीच वर्षांचं जिवंत पोट्टं? ते पुढं, नानाजींच्या मांडीवर, मोकळं. का? तर म्हणे, इथंच तं जाऊन राह्यलो.

हे वाक्य नीट ऐकून ठेवा, आमच्या घराचं ते ब्रीदवाक्य आहे. नानाजी म्हणजे माझे आजोबा; पियुष खरं तर त्यांचा पणतू, पण घरात सगळे नातूच म्हणतात. वर्ध्यात कापडाचं दुकान, उभा जन्म गादीवर बसून गेलेला, त्यामुळं गादीच्या पलीकडं जे जे आहे ते सगळं त्यांना 'इथंच'. सेलू इथंच, नागपूर इथंच, एकदा तिरुपतीला निघाले तेव्हाही हिंगणघाट येईपर्यंत 'इथंच तं जाऊन राह्यलो' चालू होतं. अपघात म्हणे लांब जाणाऱ्यांचे होतात. जवळ जाणाऱ्यांना यम ओळख दाखवून सोडून देत असावा, दुकानात उधारीवाल्याला सोडतात तसा.

तुम्हाला सांगते, त्या दिवशी आम्ही चाललो होतो सेलूला. रीता वहिनी, म्हणजे माझ्या भावाची, नीलेशदादाची बायको, पियुषची आई, तिचं माहेर सेलूचं. ती आधीच गेलेली. पियुष मात्र आमच्याकडं, कारण मोठ्या पोळ्याला घरचा नातू घरीच पाहिजे. त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघालो त्याच दिवशी, तान्हा पोळा, तो यंदा सेलूत. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगते, नसतो बिचाऱ्यांकडं, तान्हा पोळा म्हणजे लहान पोरांचा पोळा, लाकडाचा नंदी सजवून, दोरीनं ओढत, घरोघरी बोजारा मागायला जायचं. चिल्लर, चॉकलेट, जे मिळेल ते. आणि आमचा नंदी म्हणजे काही बाजारातला नाही, नानाजींच्या वडिलांनी घडवून घेतलेला, चाकांचा, गळ्यात पितळी घुंगरं, पाठीवर झूल. एक शिंग पूर्वी कधीतरी मोडलेलं, ते डिंकानं बसवलेलं, तेव्हापासून त्या शिंगाची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी आमच्या घरात कुणाच्या गुडघ्यांचीही घेतली जात नाही.

आता आमची गाडी. गाडी बनवणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी काय काय विचार करून दिलं असेल तिच्यात, आणि आम्ही त्याचं काय केलं ते ऐका. सीटवर मानेला आधार असतो ना, तो मागून धडक बसली तर मान मोडू नये म्हणून असतो. तो आजीच्या अंबाड्याला टोचायचा. काढला. आता तो दिवाणखान्यात आहे, नानाजी दुपारी त्याच्यावर टाच ठेवून झोपतात. पुढच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते, तिच्या झाकणावर गणपती चिकटवलाय, शेजारी पानाचा डबा, त्याच्या शेजारी चष्म्याचं घर. मी म्हटलं, नानाजी, उद्या ती पिशवी उघडली तर हा डबा गोळीसारखा तुमच्या तोंडावर येईल, आणि मांडीवर पोरगं असेल तर त्याचं काय होईल ते मला बोलवतही नाही. नानाजी म्हणाले, "फुगा तं हाय तो. फुग्यानं कोणी मेलं का आजवर?"

आणि पट्टा लावला नाही की गाडी टुंगटुंग करते, नाही का? आमची नाही करत. दादानं बाजारातून एक लोखंडी जीभ आणली. पट्ट्याच्या टोकाला असते ना, तेवढीच, नुसती, बिनपट्ट्याची. ती खटक्यात खुपसायची. गाडीला वाटतं माणूस बांधलेला आहे, ती गप्प बसते. वर तिच्यावर ॐ कोरलेला. नानाजींना तो दागिना इतका आवडला, इतका आवडला, की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. "पाहा, गाडीले फसवलं." मी म्हटलं, नानाजी, गाडीला काय होणार आहे?

पण माझं कोण ऐकतं. मी शिकलेली आहे हा माझ्यावरचा घरातला सगळ्यात मोठा ठपका आहे. त्यातून फिजिक्स. एमएससी. तर निघताना मी दारात उभी राहून सांगितलं, पियुष खुर्चीत बसेल, नंदी डिक्कीत जाईल, गोधडीत गुंडाळून.

आजी म्हणाली, "डिक्कीत? देवाले डिक्कीत? स्टेपनीपाशी?"

"मग माझ्या मांडीवर द्या नंदी."

"तुह्या मांडीवर? गचका बसला तं शिंग मोडन ना व माय."

ऐकलंत? गचका बसला तर मांडीवरची वस्तू मोडते, हे आजीला ठाऊक आहे. फिजिक्स न शिकता ठाऊक आहे. फक्त ते नंदीला लागू आहे, नातवाला नाही.

मी नानाजींकडं वळले. ते पियुषला घेऊन पुढं जाऊन बसलेसुद्धा होते. म्हणाले, "आचल, पोळ्याच्या दिवसात बैलाच्याही मानेवर जू नाई ठेवत आपण. अन् तू लेकराले बांधून काऊन राह्यली?"

"मग नंदीला का बांधलं?"

"तो पडन ना."

"आणि पियुष?"

"त्याले मी धरलं हाय."

 तरी बोलले. म्हटलं, नानाजी, ब्रेक लागला की गाडी थांबते, माणूस थांबत नाही, तो त्याच वेगानं पुढं जातो, त्या एका क्षणाला मांडीवरचं पोरगं हाताला पोत्याएवढं जड होतं. नानाजी खूश झाले. "मी तुरीचं पोतं एका हातानं फेकत होतो मेटॅडोरमध्ये. विचार तुह्या आजीले." आजीनं मान डोलावली. तिनं पाहिलेलं होतं म्हणे, लग्नाच्या आधी. दादा म्हणाला, "जाऊ दे ना, मी हळू चालवतो. इथंच तर जायचं आहे." बघा, म्हणजे रोग आनुवंशिक आहे. आणि दादा हळू चालवतो म्हणजे काय, तर पुढच्याला ओलांडता येत नाही तोवर हॉर्न वाजवत हळू चालवतो.

तोवर मलाही मागं मधे कोंबलं होतं. मी म्हटलं, मग मी उतरते. उतरतेच. नंदीवरून हात घालून दार ओढलं, उघडेना. पुन्हा ओढलं. दादा आरशात बघत होता. त्यानं त्या दाराला चाइल्ड लॉक लावून ठेवलेलं. एवढी मोठी गाडी, एवढ्या सोयी, आणि आमच्या घरानं त्यांतली एकच सोय कंपनीनं सांगितल्याप्रमाणे वापरली... माझ्यावर.

तर निघालो. मागं एका खिडकीशी आजी, मधे मी, माझा पट्टा मी सीटकव्हरच्या खालून खणून काढलेला, आणि दुसऱ्या खिडकीशी नंदीमहाराज, ताठ, माझ्याखेरीज सगळ्या गाडीत नियमाप्रमाणे बसलेले तेच. पुढं पियुष नानाजींच्या मांडीवर उभा, डॅशबोर्डवर तबला वाजवतोय. मी म्हणतेय, खाली बसवा त्याला. नानाजी म्हणताहेत, "पाहू दे ना लेकराले, थंडी हवा खाऊ दे." मी म्हणतेय, दादा, हळू. दादा म्हणतोय, हळूच तर आहे. आजी म्हणतेय, "तू शिकली पण गप बसाची नाई शिकली."

पवनारचा पूल मागं टाकला. आणि बांधावरून, तुरीच्या शेतातून, एक बैल सरळ रस्त्यावर आला. खरा. हाडामांसाचा. शिंगं गुलाबी रंगवलेली, कपाळाला बाशिंग तिरपं झालेलं, आदल्या दिवशीचा नवरदेव. पोळ्याचे दिवस म्हणून मोकळा. येऊन मधोमध उभा राहिला आणि आमच्याकडं बघायला लागला.

दादानं ब्रेक मारला.

तुम्हाला सांगते... मला तो आवाज अजून ऐकू येतो. टायरचा नाही. त्याच्या नंतरचा, बारका, घुंगरांचा. आधी सगळं पुढं गेलं, पानाचा डबा, आजीचा थर्मास, नानाजी स्वतः. माझा पट्टा खांद्यात रुतला. नंदीची घुंगरं नुसती छुम् वाजली आणि थांबली. आणि पियुष दिसेना.

पियुष खाली होता. नानाजींचे पाय आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या खबदाडात, उलटा. एक क्षण तो रडलाच नाही. त्या क्षणात मी जे काही शिकले होते ते सगळं मला आठवलं, आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. मग रडला. जोरात. एवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ओठ फाटलेला, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, बाकी हात-पाय हलवतोय. दादाचा चेहरा राखेसारखा झालेला. आजीनं माझ्या अंगावरून हात पुढं टाकून पियुषला जवळजवळ ओढून घेतलं, पदरानं त्याचं तोंड पुसत बसली, आणि पहिल्यांदाच तिला नंदीची आठवण झाली नाही.

 नानाजींचा चष्मा खाली पडला होता, तो त्यांनी उचलला नाही. आपल्या दोन हातांकडं बघत होते. म्हणाले, "मी धरलं होतं त्याले. आचल, मी घट्ट धरलं होतं." आणि ते हात अजून तसेच, धरल्यासारखे होते हो, रिकामे. तुरीचं पोतं फेकणारे.

माझ्या जिभेवर मोठं भाषण तयार होतं, दोन वर्षांपासून तयार होतं. गिळलं.

बैल निघून गेला. खुर्ची तिथंच होती, पण पियुष आजीला सोडेना आणि आजी पियुषला. म्हणून दादानं पुढचा रस्ता मालवाहू रिक्षांना पुढं जाऊ देत काढला. सेलूत डॉक्टरकडं गेलो, त्यांनी पियुषला नीट तपासलं, ओठाला मलम दिलं, काही नाही म्हणाले, आणि दादाकडं असं बघितलं की मला जरा बरं वाटलं.

तुम्हाला वाटेल, आता तरी शहाणपण आलं असेल. आलं. पण ते कसं आलं ते ऐका. रीता वहिनीच्या अंगणात उतरलो, तिनं पोराला छातीशी लावलं, रडली, दादाला जे बोलायचं ते बोलली, आणि तेवढ्यात आजीला नंदी दिसला. खुर्चीत. झूल सरकलेली नाही, शिंग शाबूत. आजीनं अंगणातच हात जोडले. "खऱ्या बैलानं रस्ता अडवला, अन् माह्या नंदीनं नातू वाचवला. जागचा हलला नाई बाप्पा."

"आजी, त्याला पट्टा होता."

"तेच तं सांगून राह्यली मी."

नाही, ती ते सांगत नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की वर्ध्याचा नंदी पावला. बायका नंदीला बघायला आल्या, मग नंदीची खुर्ची बघायला आल्या. वहिनीचे वडील, ताराचंदजी, त्यांनी खुर्चीला हळदीकुंकू लावलं. पट्ट्याच्या खटक्यावर अक्षता. मी सगळ्यांना समजावून सांगत होते की ही अशी लावतात, पट्टा आणि छाती यांच्यात एवढीच बोटं जावीत, आणि बायका माझ्या बोटांना नमस्कार करून पुढं जात होत्या.

दुसऱ्या दिवशी परत निघायच्या वेळी नानाजी स्वतः पियुषला घेऊन आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बसव याले खुर्चीत. नंदी बसलता त्या जागी लेकराले लाभते." बसवलं. खटका लावला. पट्टा किती घट्ट पाहिजे ते त्यांनी स्वतः बोटं घालून बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदाही बघितलं. मी म्हटलं, नानाजी, आता तुमचा. तर नंदी त्यांनी आपल्या दोन पायांच्या मधे ठेवून घेतला होता. विचार केला. म्हणाले, "खरं हाय. गचका बसला तं मी याच्यावर पडीन, शिंग मोडन." ती ॐवाली जीभ उपसून दादाच्या हातात दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, शिंगासाठी का होईना, पट्टा लावला. मागं आजीनंही लावला. इथंच तं जाऊन राह्यलो, असं एकजणही म्हणाला नाही.

जिंकले ना मी? जिंकले. मी दार उघडून बसायला गेले, तर जागाच नाही. एका खिडकीशी आजी, एका खिडकीशी खुर्ची, आणि मधे रीता वहिनी, जी येताना नव्हती. दादा म्हणाला, "सरकून बस ना थोडी." नानाजी वळून माझ्यावर खेकसले. "बिनपट्ट्याची? अक्कल हाय का नाई तुले? शिकून काय उपयोग?"

 मीच म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. नियमानं बांधलेलं, जिल्ह्यातलं सगळ्यात सुरक्षित असं ते कुटुंब धूळ उडवत निघून गेलं.

एसटी नुकतीच गेलेली. काळी-पिवळी जीप, वडापची, उभी होती. आत जागा नव्हती म्हणून टपावर माणसं होती, टपावर जागा नव्हती म्हणून मागं लोंबकळत होती, आणि चालकाला जागा नव्हती म्हणून तो अर्धा दाराबाहेर बसून चालवत होता. मला पुढं कोंबलं, गिअरच्या दांड्याला चिकटून. पट्टा शोधला मी, हो, शोधला. पट्टा जिथं असतो तिथून एक प्लास्टिकची पिशवी लटकत होती, भेंडीची. माझ्या शेजारी एक बाई चढली, दोन्ही हातांत बोचकी, कडेवर पियुषएवढीच पोरगी. तिनं मला विचारलंसुद्धा नाही, पोरगी सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

"धराजी ताई जराशी. वर्धेपर्यंतच."

गाडी निघाली. मी नको म्हणाले नाही. नको म्हणून पोरगी ठेवणार कुठं? दोन्ही हातांचा विळखा घातला, बोटांत बोटं अडकवली, पाय समोर टेकवले, आणि डोळे रस्त्यावर लावून बसले, प्रत्येक बांधाकडं बघत. बाईनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं, मग मागच्या सीटवरच्या म्हातारीला वळून म्हणाली, "पाह्यलं का आजी? शिकलेली पोरगी हाय. लेकरू कसं बरोबर धरते."