डोळं झाकून शिट्टी

...आन् वर मलाच इचारत्यात, "केरबा, तुमच्या वॉर्डात पडलं कोण?" आता काय सांगू? तुमीच सांगा, काय सांगू! शहरात एवढं वॉर्ड हायती, तिथं उभा ऱ्हायलेला एकतर येतोय न्हाईतर पडतोय, संपला इषय. आमच्या घोडेतळ वॉर्डाचं तसं न्हाई! ह्या वॉर्डाचा इतिहास सांगायचा म्हंजी लालासाहेबाचा सांगाय लागतोय, आन् लालासाहेबाचा सांगायचा म्हंजी... बसा बसा, उभ्या उभ्या ऐकण्यासारखा न्हाई त्यो.

लालासाहेब माझा शेजारी. मिल्ट्रीतनं हवालदार होऊन रिटायर झाला, गावाकडचा ऊस भावाच्या हवाली केला, हितं शहरात घर बांधलं. आता माणसाला एक कायतरी खूळ असतंयच. कुणाला बैलाचं, कुणाला कुस्तीचं. ह्येला नगरसेवक व्हायचं खूळ! पैका नगं, बंगला नगं, आयुष्यात एकदा, फकस्त एकदा, लोकांनी आपल्याला नगरसेवक म्हणावं. बास! कराडातनं पांढरी कापडं शिवून आणली, मिशीला पीळ दिला आन् गडी निघाला सोडतीला. सोडत ठावं हाय न्हवं? नगरपालिकेच्या हॉलात काचंच्या बरणीत चिठ्ठ्या टाकायच्या, शाळंतल्या पोरीनं हात घालायचा, आन् कुठला वॉर्ड कुणाला राखीव त्ये ठरायचं. पोरीनं हात घातला. चिठ्ठी निघाली... महिला!

तुमास्नी सांगतो, चिठ्ठीला कुठं ठावं लालासाहेब कोण!

दुसरा असता तर कापडं ट्रंकेत घालून गप बसला असता. ह्यो घरी आला आन् बायकोला म्हणतोय, "शालू, ऊठ! फॉर्म भरायचाय!" शालूवहिनी कुंडलच्या, कवा चार माणसांत तोंड उघडलेलं न्हाई. त्या म्हणाल्या, "आवं, दूध ऊतू जाईल!" "जाऊ दे दूध! लोकशाहीचा प्रश्न हाय!" ...झालं. अपक्ष उभ्या केल्या. चिन्ह मिळालं शिट्टी.

आन् मग लालासाहेबानं वॉर्डात जी कवायत लावली म्हणता! सांजच्याला देवळाम्होरं म्हाताऱ्या बाया ओळीत बसवायच्या आन् ह्यो हवालदार पुढं हुबा, छाती काढून. "आजी, नाव वाचायचं न्हाई! फोटू बघायचा न्हाई! डोळं झाकून...?" आन् समद्या म्हाताऱ्या एका सुरात, "शिट्टी!" "बोट म्होरं! दाब!" समद्यांची बोटं म्होरं. एखादीचं मागं ऱ्हायलं तर परत पहिल्यापास्नं! शालूवहिनी आल्या की हो निवडून! पर सभेला ह्यो पांढरी कापडं घालून पहिल्या खुर्चीवर जाऊन बसला, तर पालिकेचा साहेब म्हणतोय, "नगरसेविकांचे यजमान कृपया बाहेर थांबतील." भाईर लिंबाखाली समदं यजमान! कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या मांडीवर पोर, आन् आमच्या लालासाहेबाच्या हातात वहिनींची पर्स. वहिनी भाईर येईपतोर त्यो बिचारा चहावर चहा पीत बसायचा.

पुढच्या खेपंला म्हणाला, "केरबा, आता माझी पाळी." कसली पाळी! वॉर्डाची हद्द बदलली, दोन गल्ल्या गेल्या, एक नवी सोसायटी आली, पाळीचा समदा हिशेब पुसला. परत बरणी, परत पोरगी. चिठ्ठी निघाली... ओबीसी महिला! म्हंजी आता बायकोबी चालंना! चिठ्ठीला कुठं ठावं लालासाहेब कोण!

आमच्या गल्लीत धोंडुबाई ऱ्हाती. आटपाडीकडची, मेंढरं इकून ह्यांचं घर शहरात आलं, म्हातारी घरोघर दूध घालती. लालासाहेब तिच्या दारात. ती म्हणती, "बाबा, मला मेंढरं राखाय येत्यात, वॉर्ड कसा राखू?" ह्यो म्हणतोय, "मावशे, काम त्येच हाय, हितली जरा जास्त वरडत्यात." परत शिट्टी मागून घेतली, परत देवळाम्होरं कवायत. धोंडुबाई आल्या निवडून! आन् काम काय केलं म्हाताऱ्या बाईनं! साहेबाच्या दारात बसायची आन् म्हणायची, "गटार झाल्याबिगार मी दुधाला जात न्हाई, घरोघर पोरं बिनदुधाची ऱ्हातील, बघा." गटार झालं! लालासाहेब तवाबी लिंबाखालीच.

मग काय झालं, तर इलेक्शनच झालं न्हाई! मुदत संपली, प्रशासक आला, आज व्हतंय, उद्या व्हतंय, दिवाळीनंतर व्हतंय, उन्हाळ्यात व्हतंय... कापडं पोटावर बसंनात! शालूवहिनींनी शिलाई उसवून उसवून वाढवली, शेवटी म्हणाल्या, "आता आत कापड ऱ्हायलं न्हाई, सरकारला म्हणावं काय त्ये लवकर करा."

आन् केलं! परत बरणी, परत पोरगी, मी डोळं मिटून बसलेला... चिठ्ठी निघाली, सर्वसाधारण! खुला! लालासाहेब उठला, बोलाय तोंड उघडलं, आन् सांगतो तुमास्नी, ह्या मिल्ट्रीतल्या माणसाच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी! मलाबी आवरलं न्हाई.

पर सुख बघवतंय व्हय? नव्या सोसायटीतला पृथ्वीराज म्हणून एक पोरगा, बोलाय गोड, कामाला अंगचोर, त्यो बी अपक्ष उभा. आन् त्येनंबी चिन्ह मागितलं शिट्टी! दोघांची मागणी एकच, मग काय करायचं? आवं, काय करायचं म्हंजी? चिठ्ठी! चिठ्ठी निघाली... शिट्टी पृथ्वीराजला. आन् आमच्या लालासाहेबाला काय? कपाट!

चिठ्ठीला कुठं ठावं लालासाहेब कोण!

आता शिट्टी खिशात मावती, कपाट कशात मावतंय? टेंपो आणला. वहिनींचं लग्नातलं लोखंडी कपाट चौघांनी वर चढवलं, म्होरं लालासाहेब हात जोडून, मागं वहिनी कपाटाला मिठी मारून. चौकातल्या खड्ड्यात टेंपो आदळला, कपाटाचं दार उघडलं आन् समदी लुगडी रस्त्यावर! लालासाहेब वरनं वरडतोय, "मतदार बंधू-भगिनींनो!" आन् वहिनी खालनं, "आवं, बंधू-भगिनी ऱ्हाऊ द्या, पैठणी उचला आधी!"

आन् म्हाताऱ्या? भेटंल ती ह्येच्या तोंडावरनं हात फिरवती. "काळजी करू नगंस बाबा, ह्या खेपंला तू हाईस, डोळं झाकून शिट्टी!" "आजी, शिट्टी न्हाई! कपाट!" "व्हय व्हय, कपाट." आन् चार पावलं गेली की शेजारणीला म्हणती, "लय दमलाय गं, कायबी बोलतोय." पंधरा दिवस घसा फोडून सांगितलं. पर मिल्ट्रीची कवायत ती, एकदा अंगात भिनली की निघती व्हय?

निकाल लागला. शिट्टी आली. त्येच्या घरी गेलो तर लालासाहेब भिंतीला टेकून बसलेला, त्याच पांढऱ्या कापडांत. हळूच म्हणाला, "शालू, तू तरी...?" वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आवं, मी कपाटच दाबाय गेले हुते... बोट आपसूक गेलं."

तेवढ्यात भाईर हलगी! म्होरं धोंडुबाई, मागं वॉर्डातल्या झाडून समद्या म्हाताऱ्या, गुलाल, हार, आरतीचं ताट, आन् तोंडात शिट्ट्या! "लालासाहेबा, आणला का न्हाई तुला निवडून! एकीनं डोळा उघडला न्हाई बघ!" मी पुढं झालो, म्हणलं सांगावं एकदा... तर लालासाहेबानं माझा हात दाबला. उठला, मान वाकवली आन् हार घालून घेतला. धोंडुबाईच्या पाया पडला. आत वहिनींनी मोठ्या पातेल्यात चहा टाकला.

तवापास्नं आजपतोर कुणी सांगितलं न्हाई त्यांस्नी, आन् तुमीबी सांगू नगा. पृथ्वीराजनं आभाराचा बोर्ड लावला, त्यावर दिसतोय तेवढाच. गटार तुंबलं, लालासाहेब! दिव्याचा बल्ब गेला, लालासाहेब! काल सकाळी नळाला पाणी न्हाई, तर धोंडुबाई गल्लीच्या तोंडाला घागर आपटून वरडती, "मुडद्या लालासाहेबा! मत घेताना बरा ग्वाड बोललास! पाणी कुठं हाय माझं?"

म्हणलं, आता ह्येला लागणार. तर ह्यो मिशीत हसतोय! "ऐकलंस का केरबा? गड्या, साध्या माणसाला कोण एवढ्या शिव्या घालतंय? नगरसेवकालाच घालत्यात!" आन् पायात चप्पल सरकवून सुटला पाणी सोडणाऱ्याला हुडकाय, चहा तसाच टाकून.

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी कपावर बशी झाकली आन् म्हणाल्या, "जाऊ द्या भावजी. ह्ये खरंच पडलं असतं, तर घरात तरी बसलं असतं."