चढावरचा खांदा

गावच्या उत्सवात संतमूर्तीला खांदा देऊन चढ पळत चढायचा, तर डॉक्टरांचा दाखला हवाच. दवाखान्यात वृद्ध एर्सिलियाबाईंच्या शेजारी बावन्न वर्षांचा ओरेस्ते तपासणी उरकून पत्नी निवेससह त्यासाठीच बसला होता.

"ओरेस्ते, गेल्या वर्षी अर्ध्या चढावरच मटकन बसलास. अख्ख्या गावानं पाहिलं!"

"तेव्हा नुसती वजनं उचलायचो, निवेस. दम कुठून पुरणार?"

"आणि आता?"

"सकाळी पळतो, संध्याकाळी वजनं."

"पळतोस? काल बेकरीत दिसलास!"

"अगं, तिथवर पळतच गेलो होतो."

डॉक्टरांनी दाखला आणून दिला. "हृदय ठणठणीत. खुशाल उचला!"

निवेसने भर दवाखान्यात नवऱ्याच्या गालाचा मुका घेतला.

एर्सिलियाबाईंनी काठी आपटली.

"ऐक रे! तो चढ माझ्या खिडकीखालूनच जातो. तिथं वेग कमी झालेला मला चालणार नाही."