खिडकीतले दोन बाप

तुमाले सांगतो, कॅमेरा कदी जीव जडला म्हणून घेऊ नये. आदिलाबादच्या स्टुडिओत दोन जुने कॅमेरे विकाले होते. मालक म्हणे, "बड़ा वाला लो, भाई." मी लहान्या कॅमेऱ्याच्या खिडकीले डोळा लावून रस्त्यावरची बैलगाडी पाह्यली, तं दोन दिसल्या! फोकसची रिंग फिरवली तशा दोनी हळूहळू सरकत एकमेकीत विरघळल्या. झालं, तोच घेतला.

माह्या बापानं जन्मात कोणाले फोटो काढू देला नव्हता. कॅमेरा घरी आणला त्या दिवशी मातर फेटा बांधून कापसाच्या ढिगावर बसला. हवेत कापूस तरंगून राह्यला अन् खिडकीत दोन बाप. त्याइले एक करता करता मी अख्खा रोल संपवला.

स्टुडिओत नेऊन धुतला तं रोल कोरा. मालक हसला, "लेन्स का ढक्कन निकाला था? इसकी खिड़की लेन्स से अलग है. ढक्कन लगा रहे तो भी सब दिखता है."

घरी येऊन मान खाली घालून सांगतलं, "बाबा, एकबी फोटो नाही आला."

"काऊन? मी तुले दिसलो नाही का?"

"दिसला ना. लय साजरा दिसला."

"मंग आणखी कोणाले दाखवाचा होता?"