पोरगी गोलात हाय

…न्हाई न्हाई, चहा नकोच, तुमाला सांगतो, चहा घशाखाली उतरून न्हाई राहिला, जेवण न्हाई, झोप न्हाई, अन् लोकं इचारतात, तातेराव, वाळून काहून चालला, शुगर-बिगर निघाली काय, हिंगोलीला जाऊन तपासून तरी घे… अवो काय तपासू? कोणत्या रिपोर्टात येईल हे? पोरगी गोलात हाय माझी!

तुमी म्हणताल त्यात काय एवढं. आदी मी बी असंच म्हणायचो. पुसेगावच्या शाळेत पोरींची फुटबॉलची टीम निघाली, निघाली म्हंजे लालसिंग सरांनी काढली, खेळाचे मास्तर, तांड्यावरचा माणूस, बोलतो हळू अन् शिट्टी फुंकतो जोरात, तर त्यांनी आमच्या आरोहीला घेतलं, आठवीत हाय ती, अन् मी काय खूष! हिंगोलीहून खिळ्याचे बूट आणले, तिच्या पायात जायच्या आदी मीच हातात घेऊन गावभर हिंडलो, ज्याला त्याला सांगितलं, पोरगी फुटबॉल खेळते. सगळे म्हनले, वा वा. एकटा गोपीचंद, आमचा बांधशेजारी, त्यानं इचारलं, खेळते म्हंजे कोणत्या जागेवर? मी म्हनलं, गोलात. तर हा माणूस तंबाकू मळता मळता थांबला अन् म्हनला, "म्हंजे राखणीला बसवलं व्हय."

राखणीला! आता तुमाला म्हाईत हाय, हरभऱ्याचे घाटे भरले की रानडुकरं येतात, हरणं येतात, मंग रानातल्या माळ्यावर बसून कुणीतरी डबा वाजवायचा. कुणाला बसवतात? ज्याच्याच्यानं फवारा पाठीवर घेणं होत न्हाई त्याला, न्हाईतर ज्याचं घरात बायकोसंग बोलणं बंद हाय त्याला. अन् राखणदाराचं नशीब कसं? रोज डुकरं हाकला, कुणी चहा इचारत न्हाई, अन् एक शिरलं की सारं गाव बांधावर उभं, "झोपला व्हता का रे?" बराबर हाय का न्हाई? म्होरं पळणारीनं धा बॉल वाया घालवले अन् एक घातला की तिला खांद्यावर घेतात. माझ्या लेकरानं धा अडवले अन् एक गेला, की सारा दोष कुणाचा? पोरगी गोलात हाय ना!

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण ती क्लिप आली. हिंगोलीला मॅच झाली, मी गेलो न्हाई, नेमकी दिवसाची लाइट आलेली अन् हरभरा पाण्याला आलेला, कसा जाऊ? संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर गोपीचंदनं टाकली. कुणीतरी मोबाईलवर घेतलेली, हलून राहिली नुसती. बॉल येतो, आरोही उडी घेते, हात पुरत न्हाई, बोंब उठते… अन् मंग ती उठते, फिरते, वाकते, अन् जाळीतून बॉल काढते. संपली क्लिप. तोंड दिसत न्हाई तिचं. नुसती पाठ. बाकीच्या पोरी लांब कमरेवर हात ठेवून उभ्या, अन् माझं लेकरू तिकडं वाकलेलं, एकटं, कुणी जवळ न्हाई.

ती पाठ, तुमाला सांगतो, माझ्या मागं लागली. भाकर मोडली की ती वाकते. मोटर चालू करायला खाली बसलो की ती वाकते. डोळा लागला न लागला की ती वाकलीच. अन् ते दोन खांब! जिथं दोन गोष्टी शेजारी उभ्या तिथं मला गोल दिसून राहिला, दोन बाभळी दिसल्या, गोल, गोठ्याचं दार, गोल, पुतण्याच्या लग्नाला गेलो तर मांडवाच्या दोन खांबांच्या मधी नवरी उभी, एकटी, अन् समोरून लोकं अक्षता फेकून राहिले… मी उभ्या उभ्या रडायला लागलो. संगिता, आमची मालकीण, कोपरानं ढोसून म्हनते, "अवो, लग्न व्याह्यांच्या पोरीचं हाय, तुमी काहून रडून राहिले?" काय सांगू तिला? नवरीला सासरी तरी धा माणसं असतात, पोरगी गोलात हाय माझी!

गेलो मंग लालसिंग सराकडं. म्हनलं, सर, कुठं बी घ्या, म्होरं घ्या, डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या, पण तिथून काढा तिला. सर हळूच म्हनले की तातेराव, मी न्हाई उभं केलं, तिनंच मागून घेतली ती जागा. मागून घेतली? ऐका! दुनिया पोटापाण्याला खुर्ची मागते अन् आमच्या घरात असं लेकरू जन्माला आलं की ज्यानं दोषाची जागा मागून घेतली! घरी येऊन इचारलं, काहून गं? ती शेंगा सोलून राहिली होती. म्हनली, "तिथून सगळं मैदान दिसतं, बाबा." अन् पुन्हा शेंगा. चार-पाच वर्षांची असताना माझ्यासंग माळ्यावर चढून बसायची अन् डोळ्यावर हात धरून असंच म्हणायची, सगळं रान दिसतं, बाबा. तवा मीच वर चढवली होती ना तिला!

शेवटी आमच्या मायनं, सखुबाईनं, नेमकं हेरलं. म्हनली, "राखणीला बसवली ते ठीक हाय, पण रान बांधलं का?" अरे! एवढी साधी गोष्ट! आमी माळ्यावर पाय ठेवायच्या आदी रान बांधतो का न्हाई? बांधावरच्या मसोबाला शेंदूर, नारळ, लिंबू, मंगच राखण. अन् ह्या लेकराला तसंच उघड्या रानात उभं केलं! मंग काय, आमच्याच शाळेच्या मैदानावर औंढ्याच्या टीमसंग मॅच होती, मी सकाळीच जाऊन इचारून घेतलं आरोही कोणत्या गोलात उभी राहणार, शिपाई म्हनला, तुरीच्या रानाकडच्या. बस्स. दोन्ही खांबाला बुडाशी शेंदूर, नारळ फोडला, अन् जाळीच्या मागच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्यानं लिंबू टांगला. मायनं सांगितलेलं सगळं बराबर केलं. जन्मात पहिल्यांदा मॅच बघायला बसलो अन् मन कसं निवांत!

अन् गुण आला वो! औंढ्याच्या पोरींनी काय काय मारलं, एक खांबाला लागला, एक वरून गेला, दोन आरोहीनं पोटाशी धरले. माय शेजारी बसून नुसती मान हलवून राहिली, जसा काय तिनंच अडवला. गोपीचंद बी मोबाईल धरून बसला होता, पण त्याला काही मिळून न्हाई राहिलं. शिट्टी वाजली. पोरींनी पाणी पिलं. पुन्हा शिट्टी वाजली, अन् आरोही चालायला लागली… उलट्या बाजूला. तिकडं रस्त्याकडच्या गोलात जाऊन उभी राहिली, अन् औंढ्याची पोरगी येऊन आमच्या बांधलेल्या गोलात!

मी मागं बसलेल्या माणसाला धरून हलवलं, अरे हे काय? तो म्हनला, हाफटाईमला बाजू बदलतात. बाजू बदलतात? अवो, कोणत्या गावात असं असतं? दुपारी डबा खाल्ला अन् उठून शेजाऱ्याचं रान राखायला गेलं, असं कुणी करतं का? शीव हालत न्हाई म्हणून तर बांधायची ना! अन् मी, सख्खा बाप, दुश्मनाचं रान बांधून आलो! पोरगी गोलात हाय माझी, उघड्या गोलात!

पळालो. धोतर असतं तर फिटलं असतं, पँट होती म्हणून निभलं. मैदानाच्या कडंकडंनं तुरीकडच्या गोलामागं गेलो, म्हनलं लिंबू सोडतो अन् तिकडं नेऊन बांधतो. दोऱ्याला हात घातला तर ती औंढ्याची गोलकीपर मागं वळली. हडकुळी पोरगी, हातमोजे तिच्यापेक्षा मोठे. माझ्याकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं. कुणी सांगायची गरज पडली न्हाई तिला, आपल्याकडचंच लेकरू, त्याला सारं कळतं. हळूच म्हनली, "काका, राहू द्या ना तिथंच. मला लई भ्या वाटून राहिलं. माझे बाबा न्हाई आले."

आता सांगा, काय करणार? तिच्या मागं बी कुणी न्हवतं वो. तिच्या बी बापाला हरभऱ्याचं पाणी आडवं आलं असंल. मी त्या दोऱ्याला आणखी एक गाठ मारली अन् वापस फिरलो.

अन् जाऊन आरोहीच्या जाळीमागं उभा राहिलो. लिंबू न्हाई तर न्हाई, मी तर हाय. दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली. समोरून पोरी पळत येऊन राहिल्या, धूळ, ओरडा, अन् त्यांची ती लांब पायाची पोरगी, तिनं मारला… आरोहीनं उडी घेतली, हात पुरला न्हाई, अन् तो बॉल माझ्या पोटासमोर जाळीत येऊन थांबला. बोंब उठली. क्लिपमधली तीच बोंब. मी डोळे मिटणार होतो, तेवढ्यात ती उठली, फिरली, अन् वाकली.

पण ह्या वेळेला मी मागं होतो ना. मला पाठ दिसली न्हाई, तोंड दिसलं. तुमाला सांगतो, इतके दिवस त्या पाठीनं मला खाल्लं, अन् पाठीच्या पलीकडं तोंड असतं हे ध्यानातच आलं न्हाई. हनुवटीला माती, ओठाच्या कोपऱ्यात जीभ, गणित सोडवताना धरते तशी. रडणं न्हाई, लाज न्हाई, काही न्हाई. बॉल उचलला, माझ्याकडं बघितलं, माझ्या डोळ्याला धारा लागलेल्या, अन् काय म्हनली असंल? "बाबा, जाळी सोडा. खांब हालून राहिला."

सोडली. अन् पुढचा बॉल रस्त्याकडं गेला तर ती म्हनली, बाबा, बॉल. आणला. पुढचा कुंपणापलीकडं बोरीच्या काट्यात गेला, आणला. शाळेत दुसरा बॉल न्हाई, कुणी आणायचा? एका गोलानं हरलो आमी. त्या लिंबाच्या गोलात शेवटपर्यंत एक बॉल गेला न्हाई, अन् माय घरी येताना काय खूष, म्हनते, "बघ, म्या सांगितलेलं वाया जात न्हाई."

भ्या गेलं म्हणताल तर न्हाई गेलं. गोठ्याचं दार अजून बी गोलच दिसतं मला. पण आता मॅच असली की मी जाळीमागं. सराव असला तरी जाळीमागं, आमच्या मैदानावर बहुतेक तुरीकडच्या, अन् बॉल निम्म्या वेळा तुरीतच जातो. अन् परवा त्या गोपीचंदनं ग्रुपवर नवी क्लिप टाकली. बघा तुमी बी. मी हाय त्यात. तुरीत वाकलोय, बॉल हुडकून राहिलोय, तोंड दिसत न्हाई, नुसती पाठ. सारं गाव हसून राहिलं. आरोहीनं जेवता जेवता ती बघितली, दोनदा बघितली, मोबाईल ठेवला अन् लई काळजीनं इचारलं, "बाबा, सरांना बोलू का मी? तुमाला म्होरं घ्या म्हणून?"

मी म्हनलं, नको गं माय. हाय ती जागा बरी हाय… द्या तो चहा, अर्धाच द्या, शनवारी पुन्हा मॅच हाय. पोरगी गोलात, अन् बाप तुरीत.