दार बाहेरून कोणी लावले नव्हते

जबाब देणार: शिलाईकाकू या नावाने ओळखली जाणारी, वय ५४, धंदा गाड्यांच्या सीटा व कव्हरे शिवणे, राहणार ट्रक-गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी माझ्या पतींसह राहते. गॅरेज त्यांचे आहे, त्यांना सगळे मिस्तरी म्हणतात. माझा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली काम करतो. मागच्या खिशात कायम पाना असतो म्हणून त्याला पाना हेच नाव पडले. काल त्याने तक्रार दिली की, माझ्या पतींनी मला ट्रकमध्ये कोंडले, सोडवायला आलेल्या त्याला मारले आणि मी आत असताना ट्रक उतारावरून सोडून दिला. त्याबाबत विचारल्यावरून मी सांगत आहे. मी बोलते तसेच लिहा, मीठमसाला नको, हे हवालदारसाहेबांना आधीच सांगितले आहे.

सदर ट्रक जुना व अवजड आहे. पतींनी त्याचा हौदा उतरवून त्या जागी राहण्याचा खोका बांधला. आत पलंग, शेगडी, संडास, पाण्याची मोठी टाकी. छतावर सोलर. रस्ता संपतो तिथून पुढे जायचे आणि कोणाकडे तांब्याभर पाणीसुद्धा मागायचे नाही, हे त्यांचे खूळ. मुलगी सासरी गेल्यापासून दुसरा विषय नाही.

काल सकाळी आमचे वाजले हे खरे आहे. मी म्हणाले, "ह्या डब्यात मला कोंबून कुठे नेणार आहात?" ते म्हणाले, "एकदा आत घातली की बाहेर काढतच नाही बघ तुला." शेजारणीने हे वाक्य बरोबर सांगितले आहे. त्यावर मी हसले, तेवढे तिने गाळले. ह्या माणसाची चेष्टा मला कळते, तिला कळायचे कारण नाही.

खडबडीत जमिनीवर ट्रकची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, पिळते. वरचा खोका तिच्याबरोबर पिळू नये म्हणून तो स्प्रिंगांवर बसवतात. नाहीतर पुठ्ठ्याचा खोका दोन हातांनी पिळला की झाकण अडकते, तसे दार अडकते. पतींनी हे मला इतक्या वेळा ऐकवले आहे की झोपेतसुद्धा सांगेन. काल दुपारी त्यांना ते करून दाखवायचे होते. मी आत दोन कप चहा केला, शेगडी बंद केली आणि दार ओढून बसले. त्यांनी गॅरेजमागच्या उतारावर ट्रकचे पुढचे एक चाक मुरमाच्या ढिगावर चढवले, इंजिन बंद केले आणि ओरडले, "आता उघड दार! लोण्यासारखं उघडतं बघ!"

दार उघडले नाही. कडी फिरत होती, दार हलत नव्हते. मी खांदा लावला. तेवढ्यात वास आला. भिंत पिळल्यामुळे शेगडीमागच्या गॅसच्या पाइपचा सांधा सुटला होता. खिडक्यांच्या काचा यायच्या होत्या, तोवर बाहेरून पत्रे मारलेले. मी ओरडले, "गॅस! गॅस!" आणि जमिनीवर बसले. डोके गरगरत होते. दिव्याच्या बटणाला हात लावायची छाती झाली नाही. मी मरणार असे मला वाटले. मग ग्राइंडरचा आवाज सुरू झाला आणि लगेच बंद पडला. त्यानंतर अख्खे घर मागे चालू लागले.

बाहेरचे मी पाहिले नाही. समोरच्या टायरवाल्याने मला सांगितले, त्याला बोलावून विचारावे. पतींनी आधी बाहेरच्या कप्प्यातला सिलिंडर बंद केला, मग दाराला पहार लावली. पाना धावत आला आणि पत्रा कापायला ग्राइंडर चालू केला. आत गॅस भरलेला. एक ठिणगी पडली असती तर आज जबाब द्यायला मी उरले नसते. पतींनी त्याला ठोसा मारून पाडले आणि वायर उपटली. इंजिनही त्यांनी चालू केले नाही. केबिनमध्ये चढून हँडब्रेक सोडला. ट्रक आपल्या वजनाने ढिगावरून मागे उतरला, सपाटीवर आला आणि कुंपणाला टेकला. चेसिस सरळ झाली आणि दार आपोआप उघडले. दाराशी बसलेली मी बाहेर पडले, माझा हात मोडला तो तेव्हा. मोडू दे.

मला खाली बसवले तेव्हा चेसिस माझ्या डोळ्यांसमोर होती. खोका बसवायचे काम पतींनी पानावर सोपवले होते. स्प्रिंगा नव्हत्या. त्यांच्या जागी जाड पट्ट्या आणि आवळलेले नवेकोरे बोल्ट होते. नाकातून रक्त गळत असताना पाना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, तू आत झोपणार होतीस गं. ढिलं कसं ठेवू?" पतींनी त्याला फक्त "गप्प बस" म्हटले.

नंतर गर्दी जमली, पोलीस आले. नवऱ्यानेच कोंडले असे लोक बोलत गेले आणि पाना घाबरून मान डोलवत गेला. त्याच्या तक्रारीत बोल्टचा शब्द नाही. माझ्या पतींनीही कालपासून इथे बोल्टचे नाव काढलेले नाही, असे साहेबांकडून कळले. का, ते मला विचारू नका, मला माहीत आहे. तो माझा भाऊ आहे म्हणून. असा कसला माणूस म्हणायचा हा! रात्रभर कोठडीत बसला, अजून आतच आहे. (येथे जबाब देणार रडल्या. पाणी दिले.)

माझी पतींविरुद्ध काहीही तक्रार नाही. पानाविरुद्धही नाही, पण त्याने इथे येऊन बोल्टचे स्वतःच्या तोंडाने सांगावे. तोवर मी ह्या बाकावरून उठणार नाही. त्या गाडीत परत बसणार का, असे साहेबांनी विचारले. बसणार. स्प्रिंगा पानाने लावायच्या, चाक ढिगावर चढवायचे आणि पहिल्यांदा दार ओढून आत पानाने बसायचे. मग मी.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात "आरोपी" लिहिले होते, तिथे "पती" करून घेतले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या हाताने सही करते. वाचताना मोठ्याने वाचा, अशी विनंती मी केली होती. मला नीट ऐकू येते. पण कोठडी ह्या भिंतीच्या पलीकडेच आहे.