शपथेला मंजुरी

हरलेले दावे वकील सहसा सांगत नाहीत, पण आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निजामाच्या राजवटीतली गोष्ट. व्यंकय्या माझा पक्षकार. तेलाच्या गिरणीत त्याची निम्मी भागीदारी, पण ठरलेली तोंडी. भागीदार शरणप्पा कोर्टात म्हणाला, "हा तर माझा नोकर!"

तीन वर्षं दावा चालला. साक्षीदार आमच्या बाजूनं बोलले. निकाल जवळ आला आणि शरणप्पाचा वकील उभा राहिला.

"हुजूर, व्यंकय्यानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून भागीदारी सांगावी, आम्ही गिरणी वाटून देतो. शपथ घेतली नाही, तर त्यानं दावा सोडावा."

माझा माणूस खरा होता. बाहेर बसलेल्या व्यंकय्याला न विचारताच मी म्हणालो, "मंजूर!" मुन्सिफांनी लगेच लिहून घेतलं; आता माघार घेता येणार नव्हती.

बाहेर येऊन मी व्यंकय्याला हे सांगितलं.

"ये क्या कर दिए वकीलसाब?"

"अहो, भागीदारी खरी आहे ना?"

"खरी आहे. बायकोचे दागिने गेलेत त्या गिरणीत."

"मग भीती कसली?"

"तीन मुलं गेली, साब. हा एकच राहिलाय. त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी खरंसुद्धा बोलणार नाही."

पुढच्या तारखेला दावा सोडल्याचं मीच लिहून दिलं. दारात शरणप्पा भेटला. राहवेना म्हणून विचारलं, "तो शपथ घेणार नाही, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"ठाऊक नसायला काय झालं?" तो म्हणाला. "तिन्ही पोरांना माती द्यायला मीच त्याच्याबरोबर गेलो होतो."