सगळ्यांत वरची ओळ

मास्तरीणबाई तीन दिवस इस्पितळात खेपा घालून बाकावर बसत होत्या. यजमानांच्या गाठीचा रिपोर्ट आता फक्त वेबसाइटवर मिळे, आणि लिंक दाबली की येई, "असे पान नाही." आज शेजारीच वेबसाइट बनवणारे दोघं, एक बाई आणि एक चष्मेवाला, लॅपटॉप उघडून वाद घालत होते.

"अरे शहाण्या, लिंक दाबली की वेबसाइट रिपोर्टच्या पानांच्या पत्त्यांची यादी वरून खाली वाचते. पहिला जुळला की थांबते. आणि तू 'काहीही आलं तरी पान नाही म्हण' ही ओळ सगळ्यांत वर लिहिलीस!"

"बाकीच्या ओळी आहेत ना खाली?"

"आहेत की! दारातच 'घरी कोणी नाही' म्हणणारा बसवलास, आतल्यांनी काय भिंतीवर डोकं आपटायचं?"

"मी तपासलं होतं. 'असे पान नाही' फार सुबक दिसत होतं."

"धन्य आहे! बारा वर्षांचा अनुभव म्हणे."

"लोकांनाच लिंक दाबता येत नाही, असं मी साहेबांना कळवलंय."

"मी बत्तीस वेळा दाबली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ती ओळ खाली घ्यायला किती वेळ लागतो, बाळा?"

"एक मिनिट, काकू."

"मग घे. गाठ काही तीन दिवस थांबलेली नाही."